शेजारचा आवाज असह्य झाला, तर भारतीय कायद्यानुसार तक्रार नेमकी कुठे करावी?

तिसरा मजला

आमच्या घराला सध्या तीन वेगवेगळ्या आवाजांचा त्रास होतो. तिन्हींच्या बाबतीत मी आजवर एकाच पद्धतीने वागत आलो आहे, ती म्हणजे आधी पुष्कळ सहन करायचे आणि मग एक दिवस संताप अनावर झाला की जिन्यात उभे राहून भांडायचे. त्यातून काहीही निष्पन्न झालेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला आवाज इमारतीच्या मागे असलेल्या मोकळ्या पटांगणातला आहे. ते समारंभांसाठी भाड्याने दिले जाते आणि रात्री दहा वाजून गेले तरी तेथील ध्वनिवर्धक चालूच असतात. दुसरा आवाज शेजारच्या सदनिकेत तीन महिन्यांपासून चाललेल्या दुरुस्तीचा आहे. भिंत फोडण्याचे आणि लादी कापण्याचे यंत्र कधी सकाळी सातला सुरू होते, तर कधी रात्री नऊपर्यंत चालते. तिसरा आवाज सर्वांत चमत्कारिक आहे. पहाटे पावणेपाचच्या सुमारास डोक्यावर घरघर सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे चालते आणि थांबते. वरच्या मजल्यावरील कुटुंब त्या वेळी कसले तरी यंत्र लावते, अशी माझी खात्री आहे. ते मात्र साफ नाकारतात. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांची पहाटेची झोप एकदा मोडली की पुन्हा लागत नाही आणि त्याचा परिणाम मी रोज त्यांच्या चेहऱ्यावर पाहतो.

पोलीस ठाण्यात गेलो असता सोसायटीकडे जाण्यास सांगितले गेले आणि सोसायटीच्या कार्यकारिणीने पोलिसांकडे जाण्यास सांगितले. कोणत्या आवाजाची तक्रार कोणाकडे करायची, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माजी सचिव

मी एका गृहनिर्माण सोसायटीचा सहा वर्षे सचिव होतो आणि या काळात माझ्याकडे सर्वाधिक तक्रारी पाण्याच्या गळतीच्या आणि त्याखालोखाल आवाजाच्या आल्या. आपण तिन्ही आवाज एकाच अर्जात मांडले असतील, तर दोन्हीकडून टोलवाटोलवी होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र अर्ज करा.

दुरुस्तीचा आवाज हा निःसंशय सोसायटीच्या अखत्यारीतला विषय आहे. सदनिकेत मोठे काम काढण्यापूर्वी सभासदाने सोसायटीला लेखी कळवून परवानगी घ्यायची असते आणि ती देताना कामाच्या वेळा ठरवून देण्याचा अधिकार सोसायटीला असतो. आमच्याकडे सकाळी दहा ते दुपारी एक आणि दुपारी साडेतीन ते सायंकाळी सहा अशा वेळा होत्या व रविवारी तोडफोडीचे काम पूर्ण बंद होते. आपल्याकडे असा ठराव झालेला आहे का, हे आधी पाहा. नसल्यास पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घेण्यासाठी पत्र द्या, कारण ठरावच नसेल तर एकट्या सचिवाच्या शब्दाला काही वजन राहत नाही.

एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलेली तक्रार ही तक्रार नव्हे. तेथे लिहिल्याने समोरच्या माणसाची चारचौघांत मानहानी होते, तो चिडतो, दहा जण आपापली मते देतात आणि कागदावर काहीच राहत नाही. साध्या कागदावर तारीख घालून चार ओळी लिहाव्यात, दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. पुढे निबंधक, पोलीस किंवा न्यायालय यांपैकी कोणाकडेही जायची वेळ आली, तर ही पोच आपले पहिले हत्यार ठरते.

आणि हो, अर्ज देण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन या. आवाज चालू असताना जाऊ नका, कारण त्या वेळी आपण तापलेले असतो आणि समोरचा बचावाच्या पवित्र्यात असतो. दुसऱ्या दिवशी शांत वेळी जावे आणि वडिलांच्या झोपेबद्दल सांगावे. मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी कितीतरी याच पायरीवर मिटली आणि त्यांचा कागद कधी तयारच झाला नाही.

वकिली करणारी

पटांगणातील ध्वनिवर्धकांबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० केले. त्यांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ अशी व्याख्या आहे. निवासी भागासाठी कमाल पातळी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रासाठी, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या आसपासच्या भागासाठी, ५० आणि ४० डेसिबल अशी ठरवलेली आहे. हे आकडे एखाद्या क्षणाच्या आवाजाचे नसून ठरावीक कालावधीच्या सरासरीचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे नियम ५. ध्वनिवर्धक लावण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक, वाद्य किंवा कोणतेही ध्वनी निर्माण करणारे साधन वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालणारा वापर आणि सार्वजनिक आणीबाणी एवढाच अपवाद आहे. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, परंतु ते दिवस जाहीर केलेले असावे लागतात आणि खासगी समारंभ त्या सवलतीत बसत नाहीत. आपले पटांगण मोकळे आहे, त्यामुळे दहानंतर तेथे परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे बहुतेक लोक एका गैरसमजामुळे मागे हटतात. आपल्याकडे आवाज मोजण्याचे यंत्र नाही, मग तक्रार सिद्ध कशी करणार, असे त्यांना वाटते. नियम ७ नुसार तक्रारीला दोन स्वतंत्र आधार आहेत. आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल, तर तक्रार करता येते. किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तेवढ्यावरही करता येते. म्हणजे रात्री सव्वाअकराला मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक चालू आहे, एवढी वस्तुस्थितीच पुरेशी आहे. दिवसाच्या तक्रारीत मात्र मोजमापाचा प्रश्न खरोखरच येतो.

तक्रार ज्या प्राधिकाऱ्याकडे करायची, त्यात जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा यासाठी नेमलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी यांचा समावेश होतो. प्रत्यक्षात आवाज चालू असताना ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा, वेळ लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्यावा. अर्जात ‘नियम ५ व ७’ असा उल्लेख अवश्य करा. नुसते ‘फार त्रास होतो’ असे लिहिलेला अर्ज आणि नियमाचा क्रमांक घातलेला अर्ज यांना मिळणाऱ्या वागणुकीतला फरक मी अनेकदा पाहिला आहे.

रात्रपाळी

माझी अडचण याच्या बरोबर उलट आहे. मी रुग्णालयात रात्रपाळी करते आणि सकाळी आठ ते दुपारी दोन ही माझी रात्र असते. शेजारी दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा वर दिलेल्या सर्व नियमांपैकी एकही माझ्या उपयोगी पडला नाही, कारण दिवसा काम करणे हा त्यांचा हक्क होता. मी त्यांच्याकडे जाऊन माझ्या महिन्याभराच्या पाळ्यांचा तक्ता दिला आणि कोणत्या दिवशी मी घरी झोपलेली नसेन, ते त्यावर खूण करून दाखवले. त्यांनी फोडाफोडीचे सर्वांत मोठे काम त्या दिवसांवर ढकलले. कायद्याने मला हे कधीच मिळाले नसते. समोरच्याला नेमके काय करायचे ते सांगितले तर तो बहुधा करतो; ‘आवाज कमी करा’ या मागणीतून त्याला काहीच हाती लागत नाही.

ध्वनी अभियंता

तिसऱ्या मजल्यावरील धागाकर्त्यांना माझी विनंती आहे की, पहाटेच्या घरघरीबद्दल वरच्या कुटुंबाशी आणखी वाद घालण्यापूर्वी त्यांनी एक चाचणी करावी. रोज ठरावीक वेळी सुरू होणारा, वीस-पंचवीस मिनिटे एकसुरी चालणारा आणि आपोआप थांबणारा आवाज मला घरगुती यंत्राचा वाटत नाही. तो बहुधा पाण्याच्या पंपाचा असावा.

आवाज घरात दोन मार्गांनी येतो. एक हवेतून, म्हणजे बोलणे, गाणे, कर्णे. हा खिडकी नीट बंद केली की बराच कमी होतो. दुसरा इमारतीच्या सांगाड्यातून, म्हणजे खुर्ची सरकवणे, टाचांचा आवाज, पंपाची थरथर. काँक्रीटमधून ही कंपने फारच सहज पसरतात आणि भिंत किंवा छत हीच ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखी थरथरू लागतात. त्यामुळे तळमजल्यावरचा पंप चौथ्या मजल्यावर असल्यासारखा ऐकू येतो आणि त्याची दिशा कानाने ठरवता येत नाही. आपण पहाटे घरघर सुरू होताच भिंतीला, मग पाण्याच्या उभ्या नळाला तळहात लावून पाहा. नळाला थरथर अधिक जाणवली, तर खाली पंपाच्या खोलीपर्यंत जाऊन या.

मोबाइलमधील डेसिबल मोजणाऱ्या अॅपविषयीही लिहितो. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि तो प्रमाणित केलेला नसतो, म्हणून त्याचा आकडा पुरावा म्हणून टिकण्याची अपेक्षा धरू नये. मात्र आवाज नसताना आणि असताना, एकाच जागी, एकाच फोनने घेतलेल्या दोन नोंदींतील फरक उपयुक्त असतो. डेसिबलचे माप गुणाकाराचे आहे. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, तर सारख्याच तीव्रतेचे दोन कर्णे एकत्र लागले तर आकडा केवळ ३ ने वाढतो. त्यामुळे ‘५५ ऐवजी ६५ म्हणजे थोडेसेच जास्त’ असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नका.

आणखी एक तांत्रिक अडचण मला नेहमी अस्वस्थ करते. नियमांतील मोजमाप ‘ए’ भारांकनाने, म्हणजे उंच-खालच्या स्वरांना वेगवेगळे वजन देऊन, होते, कारण ते मानवी कानाच्या संवेदनशीलतेशी जुळणारे आहे. परंतु या भारांकनात खर्जाचा आवाज फार कमी मोजला जातो. ६३ हर्ट्झच्या आसपास तर जवळपास २६ डेसिबलची वजावट होते. छातीत धडधडणारा, खिडक्यांच्या काचा हलवणारा आवाज यंत्रावर निरुपद्रवी दिसतो तो यामुळेच. असे झाले तर तक्रारदार खोटे बोलतो आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

दोन मुलांची आई

मी ‘वरच्या मजल्यावरील कुटुंब’ आहे. या धाग्यातले नव्हे, पण दुसऱ्या एका इमारतीतले. खालच्या काकांनी दोन वर्षांत आमच्या दारावर असंख्य वेळा थाप मारली असेल. माझी मुले चार आणि सहा वर्षांची आहेत, ती धावणारच. मात्र एकदा काकूंनी मला त्यांच्या घरी बोलावले आणि मुले वर खेळत असताना मला त्यांच्या पलंगावर बसवले. तो दणका ऐकून मला खरोखर लाज वाटली. त्यानंतर आम्ही मुलांच्या खोलीत जाड रबरी चटया अंथरल्या, सगळ्या खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या आणि रात्री साडेआठनंतर चेंडू कपाटात ठेवण्याचा नियम केला. आवाज पूर्ण गेला नाही, पण काकांचे येणे थांबले. आपल्या घरातला आवाज खाली कसा ऐकू येतो, हे वरच्या माणसाला कधीच कळत नाही. ते त्याला ऐकवावे लागते.

ध्वनी अभियंता

चटईचा उपाय योग्य आहे, कारण आघाताचा आवाज जेथे निर्माण होतो तेथेच अडवावा लागतो. खालच्या घराने छताला फोमचे तुकडे चिकटवून काही होत नाही. फोममुळे खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरून येणारा आवाज अडत नाही. लोक त्यावर बराच खर्च करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

कोपऱ्यावरचे घर

मला येथील सूर फार सौम्य वाटतो. आमच्याकडे आम्ही तीन वर्षे समजुतीने सांगितले, पत्रे दिली, हात जोडले. पटांगण भाड्याने देणाऱ्याचा तो धंदा आहे आणि आपण गोड बोलल्याने कोणी धंदा बंद करत नाही. प्रत्येक वेळी दहा वाजून एक मिनिटाने ११२ वर दूरध्वनी करावा. एकच भीती असते की पोलीस येऊन ‘अमुक घरातून तक्रार आली आहे’ असे सांगतात आणि मग दुसऱ्या दिवशी धमकावण्याचे प्रकार होतात. आमच्या बाबतीत तसे घडले आहे, म्हणून शेजारी आता तोंड उघडत नाहीत.

वकिली करणारी

आपली भीती रास्त आहे आणि न्यायालयानेही तिची दखल घेतली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या निकालात घेतली आणि जानेवारी २०२५ च्या निकालात ती अधिक ठामपणे मांडली. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि विचारली गेली असल्यास ती समोरच्याला कळू देऊ नये, असे त्यात पोलिसांना सांगितले आहे. दूरध्वनी करताना आपण हे शांतपणे सांगू शकता. लेखी अर्जावरही ‘माझे नाव गोपनीय ठेवावे’ असे वाक्य वरच लिहा. सर्वोच्च न्यायालयाने तर १८ जुलै २००५ च्या निकालातच शांततेत जगण्याचा संबंध घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराशी जोडला आहे.

पोलीस ठाण्याने दाद दिली नाही, तर तोच अर्ज पोलीस उपायुक्त किंवा उपअधीक्षक कार्यालयात द्यावा आणि सोबत आधीच्या अर्जाची पोच जोडावी. आपल्या अर्जावर काय कारवाई झाली, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अनेकदा हा प्रश्न विचारल्यावरच फाइल हलते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही जाता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १३३ ते हेच. कारखाना किंवा कार्यशाळा यांच्या यंत्रांचा आवाज असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज करावा. जनरेटरसाठी तर वेगळा मापदंड आहे: १००० केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचे एकक) पर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये.

एक विनंती मात्र करीन. घरगुती, अनियमित, माणसांच्या जगण्यातून निर्माण होणाऱ्या आवाजासाठी, म्हणजे बाळाचे रडणे, भांडी पडणे, पावले, यांसाठी पोलिसांकडे जाऊ नका. तेथे कायद्याकडे देण्यासारखे फारसे काही नाही आणि शेजार कायमचा तुटतो.

माजी सचिव

कोपऱ्यावरच्या घराशी मी एका बाबतीत सहमत आहे. ज्याचे उत्पन्न त्या आवाजावर अवलंबून आहे, त्याच्याशी बोलणी करताना लेखी कागद पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावा. परंतु एकट्याने लढू नये. पाच-सहा सदनिकाधारकांनी सह्या केल्या, तर कोणा एकावर रोष येत नाही आणि तो एकट्या चिडखोर माणसाचा तक्रारअर्ज आहे, असेही कोणी म्हणू शकत नाही.

तिसरा मजला

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

पहाटेची घरघर पंपाचीच निघाली. नळाला हात लावताच थरथर जाणवली आणि खाली जाऊन पाहिले तर पंप सरळ काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टने घट्ट बसवलेला होता, शिवाय त्याची वाहिनी भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली होती. सोसायटीने पंपाखाली रबरी पाये बसवले, जोडणीत लवचीक तुकडा घातला आणि सुरू होण्याची वेळ साडेसहावर नेली. मी वरच्या कुटुंबाकडे जाऊन क्षमा मागितली. सात महिने मी त्यांच्याशी ज्या स्वरात बोललो, त्याची भरपाई एका भेटीत होणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्या मुलीने आजोबांची विचारपूस केली तेव्हा मला फार अवघडल्यासारखे झाले.

दुरुस्तीच्या वेळांचा ठराव मंजूर झाला. तो होईपर्यंत शेजारचे काम जवळपास संपले होते, तरी पुढच्या माणसासाठी तो उपयोगी पडेल.

पटांगणाचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. सात घरांच्या सह्यांचा, नियम ५ व ७ यांचा उल्लेख असलेला अर्ज आम्ही दिला आणि सोबत एका साध्या वहीतील नोंदी जोडल्या: तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, आवाजाचा प्रकार, कोणत्या खोलीत खिडकी बंद असताना ऐकू आला आणि दूरध्वनी केल्यावर किती वाजता कोणी आले. त्यानंतरच्या चार समारंभांपैकी तीन दहाच्या आत थांबले. चौथा सव्वाअकरापर्यंत चालला. त्या रात्रीही नोंद केली आहे आणि सोमवारी ती घेऊन उपायुक्त कार्यालयात जाणार आहे.

वकिली करणारी

जाताना वहीच्या पानांच्या छायाप्रती न्या, मूळ वही कोणाच्याही हाती देऊ नका. आणि त्या चौथ्या रात्री ११२ वर किती वाजता दूरध्वनी केला, ते अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.